पहिली कथा लिहिताना : एका विद्यार्थिनीच्या वहीतून

कथालेखनाच्या वर्गात मी माझी पहिली कथा वाचून दाखवली. आठ पानं होती. नायिकेची आई आजारी पडते, मैत्रीण तिला फसवते, परीक्षेत ती नापास होते आणि शेवटी ती पावसात एकटीच उभी राहते. वाचून झाल्यावर बाईंनी एकच प्रश्न विचारला, "या सगळ्यात तिनं काय केलं?"

मला उत्तर देता येईना. तिनं काहीच केलं नव्हतं. आठही पानं तिच्यावर संकटं कोसळत होती आणि ती सोसत होती. मी त्याला कथा म्हणत होते, पण ती दुःखांची यादी होती.

तो प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला. पुढच्या वर्षभरात जे शिकले ते बहुतेक सगळं त्याच प्रश्नाभोवती फिरत होतं. तुम्ही पहिलीच कथा लिहायला बसला असाल, तर ज्या क्रमानं मला गोष्टी उमगल्या त्याच क्रमानं सांगते.

आधी वाचा, पण पेन्सिल घेऊन

आपल्याला आवडलेली एखादी छोटी कथा निवडा आणि ती तीनदा वाचा. पहिल्यांदा नुसती वाचायची. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसायचं आणि लेखकानं काळ कुठे गाळला आहे तिथे खूण करायची. सकाळ झाली आणि एकदम संध्याकाळ आली, तर मधली दुपार का सांगितली नाही? तिसऱ्यांदा पहिलं पान स्वतःच्या हातानं उतरवून काढायचं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण डोळा घाईनं पुढे सरकतो, तसा हात सरकत नाही. एखादं वाक्य चारच शब्दांचं का आहे, परिच्छेद नेमका तिथेच का तुटला आहे, हे मला उतरवून काढतानाच दिसलं.

निरनिराळ्या काळातलं वाचा. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं, त्या काळातली एखादी 'गोष्ट' घ्या आणि तिच्या शेजारी १९४५ च्या पुढेमागे आलेली गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांच्यापैकी कुणाची तरी नवकथा ठेवा. पहिलीत 'पुढे काय झालं' हे वाचकाला ओढत नेतं. दुसरीत बाहेर फारसं काही घडत नाही, पण माणसाच्या आत काहीतरी सरकतं. आपला कल कुठे आहे हे अशा शेजार-वाचनातून लवकर कळतं.

लांबीचंही इथेच सांगून टाकते. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिचा एकच ठसा मनावर उमटावा, असं अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो यानं १८४२ मध्ये मांडलं होतं. नवख्यासाठी ही मर्यादा सोयीची आहे. पहिली कथा दीड-दोन हजार शब्दांतच लिहा. कादंबरीची स्वप्नं जरूर बाळगा, फक्त ती पहिल्या कथेत कोंबू नका.

बीज

"मला काही सुचतच नाही" ही तक्रार मीही केली आहे. मग बाईंनी एक छोटी वही करायला सांगितली. तिच्यात कल्पना लिहायच्या नाहीत, पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहायचं. दिवसाला दोन ओळी पुरतात. 'एकाकीपणा' असा शब्द लिहिण्यात अर्थ नाही, कारण त्यातून पुढे काही उगवत नाही.

माझ्या वहीत एके दिवशी अशी नोंद झाली : 'प्रतीक्षालयात एक आजोबा. मुलगा बोलायला लागला की कानामागच्या ऐकण्याच्या यंत्राला हात लावतात. बंद करतात की काय?' मला खात्री नव्हती. कदाचित ते नुसतं यंत्र नीट बसवत असतील. पण ती ओळ डोक्यातून जाईना, आणि डोक्यातून जात नाही तेच बीज असतं.

अशा नोंदीला दोन प्रश्न विचारायचे. 'का?' हा पहिला आणि 'कुणाला कळलं तर?' हा दुसरा. 'का' आपल्याला भूतकाळात नेतो. मुलाशी भांडण झालं असेल, घराच्या वाटणीवरून दुखावले असतील, वगैरे. नवखे लेखक तिथेच अडकतात आणि चार पानं पूर्वपीठिका लिहितात. 'तर' आपल्याला पुढे नेतो. आजोबा यंत्र मुद्दाम बंद करतात हे नातवाला कळलं तर? इथे कथा हलायला लागते.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये दिलेल्या व्याख्यानांतलं एक उदाहरण या टप्प्यावर फार उपयोगी पडतं. राजा मेला आणि मग राणी मेली, हा नुसता घटनांचा क्रम झाला. राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक झालं. फरक आहे तो कारणाचा. आपल्या प्रसंगांच्या मध्ये 'आणि मग' येतं की 'म्हणून' येतं, ते तपासा. माझ्या पहिल्या कथेत आठही पानं 'आणि मग' होतं.

पात्राला काहीतरी हवं असू द्या

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला.

पात्र उभं करायचं म्हणजे त्याचं वय, उंची, आवडता रंग, स्वभाव असा तक्ता भरायचा, असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. मी असे तक्ते भरले. त्यातून माणूस उभा राहिला नाही. माणूस उभा राहिला तो त्याला काय हवंय आणि ते मिळवण्यात काय आडवं येतंय, हे ठरलं तेव्हा.

आपल्या जुन्या कहाण्यांची सुरुवात आठवा. आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या, एक आवडती आणि एक नावडती. राणीच्या नाकाडोळ्यांचं वर्णन नाही, महालाचं नाही. पण 'नावडती' या एका शब्दात तिला काय हवंय, ते कुणाकडे आहे आणि पुढे कशावरून पेटणार आहे, हे सगळं आलं. लहानपणापासून ऐकलेल्या या ओळीत केवढी कारागिरी आहे, हे मला कथा लिहायला लागल्यावर समजलं.

माझ्या कथेत नातू आला, समीर, वय बारा. त्याला काय हवंय? शाळेच्या सहलीला जायचंय. वडिलांना वाटतंय की यंत्र बिघडलंय. ते समीरला यंत्र घेऊन दुरुस्तीला पाठवतात. दुरुस्त करणारा तपासून सांगतो, यात काहीच बिघाड नाही. समीर विचार करत घरी येतो आणि त्याच्या लक्षात येतं की आजोबा ते स्वतःच बंद करतात, आणि तेही फक्त बाबा बोलायला लागले की.

आता बाबा विचारणार, "काय म्हणाला तो?"

समीरनं खरं सांगितलं तर आजोबांचा एकुलता एक आडोसा जाईल. खोटं सांगितलं तर बाबा नवं यंत्र घेतील आणि सहलीसाठी ठेवलेले पैसे तिकडे जातील. दोन्हीकडे त्याचं काहीतरी जातंय. मी सहलीचा धागा घातला नव्हता तोवर कथा गोड होती, पण सैल होती. समीर आजोबांची बाजू सहज घेऊ शकत होता, कारण त्याला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नव्हती. पात्रासमोर चांगलं आणि वाईट असे दोन पर्याय ठेवले तर वाचकाला उत्तर आधीच माहीत असतं. दोन्ही पर्याय जिवाला लागणारे असतील तेव्हा वाचक पान उलटतो.

"तिनं काय केलं?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कथेत एका वाक्यात देता येत नसेल, तर लिहायला बसू नका. अजून दोन दिवस त्या पात्राबरोबर हिंडा.

सांगतंय कोण?

माझा पहिला खर्डा सर्वज्ञ निवेदकाचा होता, म्हणजे आजोबांच्या मनातलं, बाबांच्या मनातलं, समीरच्या मनातलं सगळं मीच सांगत होते. परिणाम असा झाला की पहिल्याच पानावर वाचकाला सगळं कळलं आणि त्याला शोधायला काही उरलं नाही.

मग मी एक गोष्ट करून पाहिली, तुम्हीही नक्की करा. तोच एक प्रसंग तिघांच्या तोंडून अर्धा-अर्धा पान लिहिला. आजोबा सांगायला लागले तर रहस्यच उरत नाही. त्यांना माहीतच आहे. बाबा सांगायला लागले तर त्यांना शेवटपर्यंत कळत नाही, त्यामुळे कथा त्यांच्या चिडचिडीतच फिरत राहते. समीर सांगायला लागला तेव्हा त्याचं अज्ञान, मग शंका, मग खात्री, मग पेच, असा चढ आपोआप तयार झाला. ज्याला सुरुवातीला माहीत नसतं आणि मधे कळतं, तो बहुतेक वेळा चांगला निवेदक ठरतो.

कथा कोण सांगतंय याइतकंच ती कुणाला सांगितली जातेय हेही मोलाचं. महाभारतातलं युद्ध संजय सांगतो, आणि सांगतो कुणाला? ज्याची मुलं त्या रणांगणावर पडत आहेत त्या आंधळ्या बापाला. तोच वृत्तांत दुसऱ्या कुणाला सांगितला असता तर प्रत्येक वाक्याचं वजन बदललं असतं. तुमचा निवेदक कुणाशी बोलतोय हे कथेत लिहिलं नाही तरी चालेल, पण तुम्हाला ते माहीत असू द्या.

एकदा निवेदक ठरला की त्याला जे दिसणार नाही ते लिहायचं नाही. समीर स्वयंपाकघरात असेल तर बंद खोलीतला बाबांचा चेहरा त्याला दिसत नाही. ही शिस्त सुरुवातीला जाचक वाटते, नंतर तीच वाट दाखवते.

सुरुवात

फार विचार करू नका. पहिल्या खर्ड्यातले पहिले दोन-तीन परिच्छेद बहुधा लेखकाच्या तयारीचे असतात. हवामान, घर, कुटुंबाची ओळख. ते लिहा, कारण ते लिहिल्याशिवाय पुढचं येत नाही, आणि नंतर काढून टाका. माझी कथा आता समीर खिशात यंत्र घेऊन दुकानाच्या पायऱ्या चढतो तिथे सुरू होते. त्याआधीचं दीड पान वहीतच राहिलं.

प्रसंग कसा लिहायचा

पहिल्या खर्ड्यातला माझा परिच्छेद जसाच्या तसा देते :

'आजोबांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते खूप एकाकी झाले होते. बाबा आणि आजोबा यांच्यात दुरावा निर्माण झाला होता. मला आजोबांबद्दल फार वाईट वाटायचं.'

यात चूक काहीच नाही. पण ही माहिती आहे. वाचकानं ती मान्य करायची आणि पुढे जायचं. त्याला काही पाहायला मिळत नाही. चौथ्या खर्ड्यात त्याचं असं झालं :

'बाबा खोलीत आले. आजोबांनी कानामागे बोट नेलं, जरा खाजवल्यासारखं केलं.

"उद्या बँकेत जायचंय. दहाला तयार राहा."

आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. बाबांनी तेच आवाज चढवून पुन्हा सांगितलं, मग माझ्याकडे बघून हात झटकला आणि निघून गेले. दार लागलं. आजोबांचं बोट परत कानामागे गेलं.

"तुझी सहल कितीला आहे म्हणालास?" त्यांनी विचारलं.

ते मी सकाळी म्हणालो होतो, आणि अगदी हळू.'

एकाकी, दुरावा, वाईट वाटणं, यातला एकही शब्द इथे नाही. बोट दोनदा कानामागे जातं, एवढंच. पण वाचक दुसऱ्यांदा थबकतो आणि समीरच्या आधी अर्धा क्षण त्याला कळतं. तो अर्धा क्षण त्याला देणं हेच आपलं काम आहे.

पण सगळीच कथा अशी प्रसंगांत लिहायची नसते, ही चूकही मी केली. समीर दुकानातून घरी येतानाचा रस्ता मी पाऊण पान रंगवला होता. त्या रस्त्यावर काहीच घडत नव्हतं. आता तिथे एक वाक्य आहे. जिथे काही बदलतं तिथे थांबायचं, जिथे बदलत नाही तिथून झपाझप निघायचं.

संवाद, आणि मराठीनं दिलेली हत्यारं

आपल्या भाषेत माणसांमधलं अंतर सर्वनामातच दडलेलं असतं. तू, तुम्ही, आपण. मुलगा वडिलांना 'अहो बाबा' म्हणतो की 'अरे बाबा', यावरून त्या घराची अर्धी हवा कळते. आयुष्यभर 'तुम्ही' म्हणणारा माणूस भांडणाच्या भरात 'तू' म्हणाला, तर ती कथेतली मोठी घटना असू शकते. कित्येक वर्षांच्या मैत्रीत एकदम 'तुम्ही' येणं तर त्याहून जास्त लागतं. हे फुकट मिळालेलं सामर्थ्य आहे. ते वापरा, पण कोण कुणाला काय म्हणतं हे आधी कागदावर ठरवून घ्या, नाहीतर तिसऱ्या पानावर गडबड होते. माझ्या कथेत बाबा आजोबांना पहिल्या पानावर 'अहो' म्हणत होते आणि चौथ्या पानावर 'अरे'. काही अर्थ मनात नव्हता, नुसता निष्काळजीपणा होता. पण वर्गातल्या दोघांनी त्यातून अर्थ काढला!

निवेदनाचंही तसंच. 'केले, गेले, सांगितले' लिहायचं की 'केलं, गेलं, सांगितलं', हे आधी ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. बारा वर्षांचा मुलगा सांगत असेल तर 'त्यांनी मला सांगितले' त्याच्या तोंडी शोभत नाही. बोलीभाषा वापरायची असेल तर जी कानांनी ऐकली आहे तीच वापरा. चार 'व्हय' आणि 'न्हाय' पेरून बोली तयार होत नाही. बोलीची खरी लय शब्दांच्या क्रमात आणि हेलात असते.

संवादात पात्रांनी एकमेकांच्या प्रश्नांची सरळ उत्तरं देऊ नयेत, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. "काय म्हणाला तो दुकानवाला?" या प्रश्नाला समीर पहिल्या खर्ड्यात प्रामाणिक उत्तर देत होता. आता तो म्हणतो, "खूप गर्दी होती तिथे." खोटं नाही, पण खरंही सांगितलेलं नाही. त्या एका वाक्यात त्याचा सगळा पेच येतो.

'तो म्हणाला', 'ती म्हणाली' हे साधे शब्द पुरतात. 'उद्गारला', 'गरजला', 'पुटपुटला' यांची रांग लावली की वाचकाचं लक्ष बोलण्यावरून उडून लेखकावर जातं.

पहिला खर्डा पुरा करा

मागे वळून दुरुस्त्या करत बसू नका. वाईट वाक्य आलं तर येऊ द्या. अडलं तिथे 'इथे काहीतरी हवं' असं कंसात लिहून पुढे जा. अर्धवट राहिलेल्या पाच उत्तम सुरुवातींपेक्षा पूर्ण झालेली एक कच्ची कथा जास्त शिकवते, कारण सुरुवातीचे दोष बहुतेक वेळा शेवटापाशी पोचल्यावरच दिसतात.

पुनर्लेखन

खर्डा झाला की तो आठ-दहा दिवस डोळ्यांआड ठेवा. मग मोठ्यानं वाचा, खरोखर आवाज काढून. जिथे श्वास अडतो तिथे वाक्य लांबलंय. जिथे आपल्यालाच पुढे पळावंसं वाटतं, तिथे वाचक आधीच पळालेला असतो.

प्रत्येक फेरीत एकच गोष्ट तपासा. सगळं एकदम दुरुस्त करायला गेलं की काहीच धड होत नाही. माझ्या फेऱ्या अशा झाल्या : एका फेरीत फक्त 'म्हणून' आणि 'आणि मग' बघितलं. एका फेरीत निवेदकाला न दिसणारं सगळं काढलं. एका फेरीत 'खूप', 'अतिशय', 'एकदम', 'जणू' या शब्दांना गोल केलं आणि निम्म्याहून जास्त खोडले. एका फेरीत प्रत्येक वस्तू तपासली, ती पुढे कामाला येते का?

या शेवटच्या फेरीमागे रशियन कथाकार-नाटककार चेखव्हचा सल्ला आहे. १८८९ मधल्या एका पत्रात त्यानं लिहिलं होतं की कुणी झाडायचीच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. माझ्या कथेत आजोबांचं एक जुनं घड्याळ होतं. छान वर्णन केलं होतं मी त्याचं. ते पुढे कुठेच आलं नाही, म्हणून गेलं. खोडताना वाईट वाटलं. अशी आवडती वाक्यं मी वहीच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवते, म्हणजे खोडायला हात धजावतो.

दुसऱ्याला वाचायला देताना

"कशी वाटली?" असं विचारू नका. आपली माणसं "छान" म्हणतात आणि आपण होतो तिथेच राहतो. "कुठे कंटाळा आला? कुठे काय चाललंय ते कळलं नाही?" हे दोनच प्रश्न विचारा. दोन वेगवेगळ्या लोकांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे नक्की काहीतरी बिघडलं आहे. मात्र ते कसं सुधारायचं हे त्यांनी सांगितलं तर ऐकून घ्या आणि ठरवा स्वतः. आणि कथा समजावून सांगत बसू नका. वाचकाच्या शेजारी तुम्ही कायम बसलेले असणार नाही.

शेवट

माझ्या कथेला आतापर्यंत तीन शेवट झाले. पहिल्यात समीर सगळं खरं सांगतो, बाबा आजोबांना मिठी मारतात आणि तिघेही रडतात. दुसऱ्यात आजोबा झोपेतच जातात. वर्गात तो वाचला तेव्हा बाईंनी विचारलं, "त्यांना मारलंस कशासाठी?" खरं उत्तर हे होतं की पुढे काय करायचं ते मला सुचत नव्हतं. नवख्यांच्या कथांत फार मृत्यू होतात, ते बहुधा याच कारणानं. पात्र मेलं की पेच सुटल्यासारखा वाटतो, पण तो सुटलेला नसतो.

मग मी कथा पहिल्यापासून पुन्हा वाचली, आणि या वेळी शेवट शोधण्यासाठी मागे बघितलं. कथेत आधीच काय ठेवलं आहे? बोट. कानामागे जाणारं बोट. ते इतका वेळ फक्त बाबांच्या वाट्याला आलं होतं.

तिसऱ्या शेवटात समीर बाबांना खरं सांगून टाकतो. सहल वाचते. बाबा काही बोलत नाहीत, फक्त यंत्र उचलून आजोबांच्या खोलीत नेऊन ठेवतात. दुसऱ्या दिवशी समीर सहलीची पिशवी भरून आजोबांना सांगायला जातो.

'मी दारातूनच म्हणालो, "आजोबा, मी निघतोय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचं बोट कानामागे गेलं.'

याच्यापुढे मी आणखी एक ओळ लिहिली होती, 'त्या क्षणी मला कळलं की मी काय गमावलं होतं.' चार दिवस ती तशीच ठेवली. पाचव्या दिवशी मोठ्यानं वाचली आणि खोडली.